ड्रॉपडाउनमधली निवड बदलते तेव्हा: डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत दुकानं, आंबा-काजूचे व्यापारी आणि पतपेढ्या यांच्यासाठी प्रोग्राम लिहिणारी बरीच मुलंमुली मला प्रश्न पाठवतात. पावसाळ्यात रेंज गेली म्हणून काउंटरवरचं बिल थांबवता येत नाही. त्यामुळे इकडे संगणकावर थेट बसवलेल्या प्रोग्रामला अजूनही मागणी आहे. या प्रश्नांत सर्वांत जास्त भरणा ड्रॉपडाउनचा, म्हणजे कॉम्बोबॉक्सचा असतो. बहुतेक अडचणींचं मूळ एकच सापडतं: निवड माणसाने बदलली की प्रोग्रामने, हे कोडने कधी विचारलेलंच नसतं. तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. ड्रॉपडाउनमध्ये काहीतरी निवडलं, हे माझ्या प्रोग्रामला कळतं कसं?

प्रोग्राम सतत ड्रॉपडाउनकडे बघत बसत नाही. खिडकीतल्या प्रत्येक घडामोडीचा निरोप एका रांगेत येतो आणि टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं पुरवणारी तयार लायब्ररी, तो निरोप ज्याचा त्याच्याकडे पोचवतं. यालाच इव्हेंट म्हणतात, क्यूटी या टूलकिटमध्ये सिग्नल. ‘निवड बदलली की हे फंक्शन चालव’ असं तुम्ही आधी सांगून ठेवता. ते फंक्शन म्हणजे हँडलर. एक गोष्ट इथेच लक्षात घ्या: हँडलर चालू असेपर्यंत रांगेतले पुढचे निरोप थांबून राहतात. हँडलरमध्ये चार सेकंदांची क्वेरी (डेटाबेसला विचारणा) लिहिली, तर चार सेकंद खिडकी गोठते.

२. हँडलरमध्ये इंडेक्स वाचू, टेक्स्ट वाचू की व्हॅल्यू?

व्हॅल्यू (नावामागे ठेवलेला क्रमांक), किंवा निवडलेली वस्तूच थेट. इंडेक्स म्हणजे यादीतली जागा. उद्या यादीत एक नाव वाढलं की जागा सरकते.

टेक्स्टचा धोका वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या टूलकिटमध्ये ‘सिलेक्शन चेंज्ड’ येतो त्या क्षणी ‘सिलेक्टेड आयटम’ नवा असतो, पण ‘टेक्स्ट’मध्ये जुनंच नाव असतं. विंडोजच्या मूळ कॉम्बोबॉक्समध्येही ‘सीबीएन सेलचेंज’ निरोप आला तेव्हा वरच्या चौकटीतला मजकूर अजून बदललेला नसतो. ‘एक पाऊल मागचं नाव येतंय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी टेक्स्ट वाचलेलं असतं.

आणि काहीच निवडलेलं नसेल तर? विनफॉर्म्स (हेही मायक्रोसॉफ्टचं), डब्ल्यूपीएफ, क्यूटी, स्विंग (जावाचं), टीकिंटर (पायथनचं) या सगळ्यांत तेव्हा इंडेक्स −१ असतो. हँडलरची पहिली ओळ ही तपासणीच असू द्या.

३. माझ्या टूलकिटमध्ये नेमका कुठला इव्हेंट पकडायचा?

मला विचाराल तर या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. विनफॉर्म्स, क्यूटी अशा काही टूलकिटमध्ये इव्हेंटांची जोडी असते. एक कुणीही निवड बदलली तरी येतो, दुसरा फक्त माणसाने निवडल्यावर येतो. नावं सारखी वाटतात आणि शिकवण्यांमध्ये पहिलाच शिकवला जातो.

विनफॉर्म्समध्ये ‘सिलेक्टेड इंडेक्स चेंज्ड’ दोन्ही वेळा येतो, तर ‘सिलेक्शन चेंज कमिटेड’ माणसाने निवडल्यावरच. मात्र कॉम्बो कसा लावलाय आणि माणसाने निवड कशी केली, यावर दुसरा कधी कधी येतच नाही, हे मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपत्रात नोंदवलेलं आहे. टाइप करू देणारा, ऑटोकम्प्लीट लावलेला कॉम्बो असेल तर नीट तपासून घ्या.

क्यूटीमध्ये ‘करंट इंडेक्स चेंज्ड’ कुणीही बदललं तरी येतो आणि ‘ॲक्टिव्हेटेड’ माणसाच्या निवडीनेच. क्यूटी ५ मध्ये ‘करंट इंडेक्स चेंज्ड’ची दोन रूपं होती, एक आकडा देणारं आणि एक मजकूर देणारं. त्यामुळे कनेक्ट करताना कुठलं रूप हवं ते सांगावं लागायचं. क्यूटी ६ मध्ये आकड्याचंच रूप राहिलं. जुना कोड नव्यावर नेताना इथे अडखळायला होतं.

पायथनच्या टीकिंटरमध्ये ‘कॉम्बोबॉक्स सिलेक्टेड’ हा इव्हेंट माणसाने निवडल्यावरच येतो. कोडमधून व्हॅल्यू बसवली तर येत नाही. तसाही हवा असेल तर कॉम्बोला जोडलेल्या व्हेरिएबलवर ‘ट्रेस’ लावा. जीटीकेच्या जुन्या कॉम्बोबॉक्सला ‘चेंज्ड’ सिग्नल आहे आणि जीटीके ४ च्या ‘ड्रॉपडाउन’मध्ये ‘सिलेक्टेड’ या गुणधर्मावर लक्ष ठेवायचं असतं. दोन्ही कोडमधल्या बदलावरही येतात. डब्ल्यूपीएफमध्ये अशी जोडीच नाही, तिथे प्रश्न ४ मधला उपाय करावा लागतो.

माझा नियम: बिलाचा दर बदलणं, नोंद सेव्ह करणं, काही विचारणं अशी कामं माणसाच्या इव्हेंटवर. नुसतं पडद्यावर दाखवायचं काम, जसं निवडलेल्या आंब्याच्या जातीचा फोटो बदलणं, सर्वसाधारण इव्हेंटवर.

४. फॉर्म उघडताच, मी हात लावायच्या आधीच माझा हँडलर चालतो. असं का?

कारण यादी भरणं हाही निवडीतला बदल आहे. रिकाम्या कॉम्बोत क्यूटी पहिलं नाव घालतं तेव्हा इंडेक्स −१ वरून ० होतो आणि सिग्नल जातो. विनफॉर्म्समध्ये डेटा सोर्स लावला की पहिली ओळ आपोआप निवडली जाते. डब्ल्यूपीएफमध्ये झॅमलमध्येच (खिडकीची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) इंडेक्स लिहिला असेल तर खिडकी बांधून पूर्ण होण्याआधी हँडलर चालतो. त्याला हवी असलेली खालची टेक्स्टबॉक्स तेव्हा जन्मालाच आलेली नसते आणि प्रोग्राम बंद पडतो.

उपाय तीन. एक, माणसाचा इव्हेंट वापरा (प्रश्न ३). दोन, यादी पूर्ण भरून झाल्यावरच हँडलर जोडा. तीन, ‘भरणं चालू’ असा एक खूण-व्हेरिएबल ठेवा. भरण्याआधी तो खरा करा, भरून झाल्यावर खोटा, आणि हँडलरने तो खरा दिसताच परत फिरायचं. खूण उतरवणं ‘फायनली’मध्येच, म्हणजे चूक आली तरी चालणाऱ्या भागात, लिहा. नाहीतर यादी भरताना डेटाबेसने चूक दिली की खूण तशीच राहते आणि तो ड्रॉपडाउन दिवसभर मुका होतो. क्यूटीमध्ये हेच काम ‘सिग्नल ब्लॉकर’ करतो, फंक्शन संपलं की तो स्वतःहून सुटतो.

विनफॉर्म्सवाल्यांसाठी आणखी एक. ‘डिस्प्ले मेंबर’ आणि ‘व्हॅल्यू मेंबर’ आधी लावा, डेटा सोर्स शेवटी. उलट केलंत तर पहिल्या इव्हेंटच्या वेळी ‘सिलेक्टेड व्हॅल्यू’मध्ये क्रमांकाऐवजी अख्खी ओळच येते आणि तिचा आकडा करताना चूक येते.

५. एकदाच निवडतो, पण हँडलर दोनदा चालतो.

जावाच्या स्विंगमध्ये असाल तर ही चूक नाही. ‘आयटम लिसनर’ जुनी निवड सुटल्याचं एकदा आणि नवी लागल्याचं एकदा, असं दोनदा सांगतो. ‘सिलेक्टेड’ अवस्था असेल तेव्हाच काम करा. स्विंग नसेल तर हँडलर दोनदा जोडलेला नाही ना ते बघा. डिझाइनरमध्ये एकदा आणि कोडमध्ये हाताने एकदा, हे नेहमी सापडतं. ग्रिडमध्ये असं होत असेल तर प्रश्न १५ पहा.

६. जिल्हा निवडल्यावर त्याचे तालुके, तालुका निवडल्यावर गावं, अशी साखळी कशी करावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सिंधुदुर्ग निवडला की कणकवली, कुडाळ, देवगड, दोडामार्ग, मालवण, वेंगुर्ला, वैभववाडी, सावंतवाडी हे ८ तालुके दिसायला हवेत. रत्नागिरी निवडला की ९. करायचं असं: जिल्हा बदलला की आधी खालचे सगळे ड्रॉपडाउन रिकामे करा, नुसता तालुका नव्हे, गाव आणि वाडीसुद्धा. मग खूण लावून (प्रश्न ४) तालुके भरा, इंडेक्स −१ वर ठेवा आणि खूण काढा. गावाचा ड्रॉपडाउन तालुका निवडेपर्यंत बंद.

पहिला तालुका आपोआप निवडलेला ठेवू नका, असा माझा आग्रह आहे. रत्नागिरीची यादी वर्णक्रमाने लावली तर पहिलं नाव खेड येतं. घाईत एंट्री करणारा माणूस पुढे जातो आणि गुहागरच्या माणसाचा पत्ता खेडमध्ये पडतो. रिकामी चौकट दिसली तर तो थांबतो.

खरी गाठ जुनी नोंद उघडताना बसते. नोंदीत जिल्हा, तालुका, गाव तिन्ही आहेत. तुम्ही तिन्ही एकामागून एक बसवता, पण जिल्हा बसवताच त्याचा हँडलर तालुका पुसून टाकतो. म्हणून ‘तालुके भर’ आणि ‘गावं भर’ ही फंक्शनं हँडलरबाहेर वेगळी लिहा. नोंद उघडताना खूण लावून वरून खाली या: जिल्हा बसवा, तालुके भरा, तालुका बसवा, गावं भरा, गाव बसवा. हँडलर तीच फंक्शनं वापरेल, पण माणसाने हात लावल्यावरच.

७. डेटाबेसमध्ये नाव साठवलं तर काय बिघडतं?

खेड तालुका रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही आहे. आपल्याकडे गावाच्या खाली वाडी येते, आणि वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी तर गावोगाव. ‘खालचीवाडी’ एवढंच साठवलं तर ती कुठल्या गावाची हे पुन्हा कधीच सांगता येणार नाही. प्रत्येक ओळीला न बदलणारा क्रमांक द्या, तो साठवा, नाव फक्त दाखवा. विनफॉर्म्समध्ये ‘व्हॅल्यू मेंबर’, क्यूटीमध्ये ‘आयटम डेटा’ त्यासाठीच आहेत.

८. जुनी नोंद उघडली की ड्रॉपडाउन रिकामा दिसतो, आणि सेव्ह केल्यावर जुनी माहितीही जाते!

नोंदीतला क्रमांक आजच्या यादीत नसला की असं होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तर १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग. जुन्या दस्तात ‘तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी’ असं लिहिलेलं असतं आणि त्या तारखेला ते बरोबरच असतं. तुमची यादी आजची, म्हणून जुळणी सापडत नाही, इंडेक्स −१ होतो आणि सेव्ह करताना ती पोकळी जुन्या माहितीवर जाऊन बसते.

यादीतून ओळ कधी पुसू नका. तिला ‘बंद’ अशी खूण करा. नवी नोंद करताना बंद ओळी वगळा, जुनी नोंद उघडताना त्या नोंदीपुरती ती ओळ यादीत घाला. आणि सेव्ह करण्याआधी बघा: माणसाने या ड्रॉपडाउनला हात लावला होता का? नसेल तर तो रकाना अपडेटमध्ये घेऊच नका.

९. माऊसचं चाक फिरवलं की निवड आपोआप बदलते. थांबवू कसं?

हे मी स्वतः सोसलंय. आंब्याच्या हंगामात एका व्यापाऱ्याकडे पेटीच्या मापाचा ड्रॉपडाउन होता: ४ डझनी, ५ डझनी, ६ डझनी. मुलगा माप निवडायचा आणि फॉर्मच्या तळाचं सेव्हचं बटण गाठायला चाक फिरवायचा. फॉर्मऐवजी माप सरकायचं, कारण फोकस अजून तिथेच. पेट्या ५ डझनी आणि कागदावर ६ डझनी. गाडी वाशीला पोचल्यावर फोन आला. चूक माझ्या कोडची होती.

इथे प्रश्न ३ मधला माणसाचा इव्हेंट कामाला येत नाही. चाक फिरवणं हीसुद्धा माणसाचीच कृती धरली जाते. यादी उघडी नसेल तेव्हा चाकाचा निरोप गिळून टाकणं हाच उपाय. विनफॉर्म्समध्ये ‘माऊस व्हील’ हँडलरमध्ये मिळालेला तपशील ‘हँडल्ड माऊस इव्हेंट आर्ग्ज’ या प्रकारात घेऊन ‘हँडल्ड’ खरं करा. डब्ल्यूपीएफमध्ये ‘प्रिव्ह्यू माऊस व्हील’मध्ये तसंच. क्यूटीमध्ये ‘व्हील इव्हेंट’ स्वतःच्या क्लासमध्ये लिहून ‘इग्नोर’ म्हणा, म्हणजे तो निरोप बाहेरच्या स्क्रोल एरियाला मिळतो आणि फॉर्म हवा तसा सरकतो. पैशाशी किंवा मापाशी संबंध असलेल्या प्रत्येक ड्रॉपडाउनवर मी आता हे पहिल्या दिवशीच लावतो.

१०. बाणाच्या बटणाने खाली जाताना प्रत्येक नावावर क्वेरी चालते आणि प्रोग्राम अडकतो.

बाणाचा प्रत्येक दाब हा एक बदलच आहे. स्विंगमध्ये ‘जेकॉम्बोबॉक्स डॉट इज टेबल सेल एडिटर’ हा क्लायंट गुणधर्म खरा केला, की यादी उघडी असताना बाण नुसता फिरतो आणि एंटर दाबल्यावरच निवड होते. इतरत्र टायमर लावा: निवड बदलली की सुमारे ३०० मिलिसेकंदांचा टायमर नव्याने सुरू करा, तो संपला की क्वेरी.

क्वेरी दुसऱ्या थ्रेडवर टाकली तर उत्तरं उलट्या क्रमाने येऊ शकतात. आधी देवगड, मग मालवण निवडलं, मालवणची गावं आधी आली आणि मागाहून देवगडची येऊन त्यांच्यावर बसली. प्रत्येक मागणीला चढता क्रमांक द्या. उत्तर आलं की तो शेवटच्या मागणीचा आहे का बघा, नसेल तर टाकून द्या.

११. तेच नाव पुन्हा निवडलं तर इव्हेंट का येत नाही?

बदलच झाला नाही म्हणून. तरी हवा असेल तर क्यूटीचा ‘ॲक्टिव्हेटेड’ आणि स्विंगचा ‘ॲक्शन लिसनर’ तेव्हाही येतात. विनफॉर्म्समध्ये ‘ड्रॉपडाउन क्लोज्ड’ पाहता येतो, पण तो एस्केप दाबल्यावरही येतो. ‘पुन्हा आणा’ असं वेगळं बटण दिलेलं मला जास्त आवडतं.

१२. ‘खरंच बदलायचं?’ असं विचारून, नको म्हटल्यास जुनी निवड परत कशी आणू?

विनफॉर्म्समध्ये बदलण्याआधी येणारा, रद्द करता येईल असा इव्हेंट कॉम्बोला नाही. म्हणून शेवटची मान्य निवड एका व्हेरिएबलमध्ये जपा. माणूस नको म्हणाला की खूण लावून ती परत बसवा, हो म्हणाला की व्हेरिएबल नवं करा. खूण नसेल तर परत बसवतानाही तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

डब्ल्यूपीएफमध्ये बाइंडिंग (कॉम्बो आणि प्रोग्राममधली माहिती आपोआप जोडून ठेवणं) वापरत असाल तर एक खोच आहे. सेटरमध्ये जुनी व्हॅल्यू राखली तरी पडद्यावर नवं नाव तसंच दिसतं, कारण कॉम्बो त्या क्षणी स्वतःच्या बदलातच गुंतलेला असतो. डिस्पॅचरच्या ‘बिगिन इन्व्होक’ने ‘प्रॉपर्टी चेंज्ड’ जरा मागाहून कळवा.

१३. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन ड्रॉपडाउन आहेत. एक बदलला की दुसराही बदलतो!

दोघांना एकच यादी डेटा सोर्स म्हणून दिलीय. विनफॉर्म्समध्ये एका फॉर्मवरच्या एका यादीची ‘सध्याची ओळ’ एकच असते आणि दोन्ही कॉम्बो तिच्यामागे जातात. प्रत्येकाला स्वतंत्र ‘बाइंडिंग सोर्स’ द्या, किंवा यादीची प्रत.

१४. टॅबच्या आत कॉम्बो आहे. कॉम्बो बदलला तरी टॅब बदलल्याचा कोड चालतो.

डब्ल्यूपीएफमध्ये ‘सिलेक्शन चेंज्ड’ आतून बाहेर चढत जातो आणि टॅब कंट्रोलच्या इव्हेंटचं नावही तेच आहे. टॅबच्या हँडलरमध्ये ‘ओरिजिनल सोर्स’ टॅब कंट्रोलच आहे का बघा, किंवा कॉम्बोच्या हँडलरमध्ये ‘हँडल्ड’ खरं करा. मी पहिलं पसंत करतो, नवा कॉम्बो घातला तरी ते टिकतं.

१५. बिलाच्या ग्रिडमध्ये काजूची प्रत निवडली तरी दर लगेच बदलत नाही.

डब्ल्यू २४० निवडला, दर मात्र शेजारच्या चौकटीत गेल्यावर बदलला, असंच ना? विनफॉर्म्सच्या ग्रिडमध्ये चौकट सोडेपर्यंत निवड पक्की होत नाही. ‘करंट सेल डर्टी स्टेट चेंज्ड’ पकडा, चौकट बदललेली असेल तर ‘कमिट एडिट’ करा, मग ‘सेल व्हॅल्यू चेंज्ड’ तिथल्या तिथे येतो.

काहीजण त्याऐवजी ‘एडिटिंग कंट्रोल शोइंग’मध्ये आतल्या कॉम्बोला हँडलर जोडतात. ग्रिड तोच कॉम्बो पुन्हा पुन्हा वापरतं, म्हणून दहाव्या चौकटीपर्यंत दहा हँडलर साठतात. जोडण्याआधी काढायची सवय लावा. आणि ‘व्हॅल्यू वैध नाही’ अशी चूक ग्रिड दाखवत असेल तर दोन्हीकडचा प्रकार तपासा: एका बाजूला आकडा ५ आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ‘५’ असला तरी जुळत नाही.

१६. यादीत नाव डोळ्यांना दिसतंय, पण कोडने शोधलं तर सापडत नाही. आणि मराठी यादीचा क्रमही चुकतो.

क्रमाचं आधी. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. नुसत्या कोडक्रमाने लावलं तर मंडणगड तालुक्यातलं वेळास हे वेसवीच्या आधी येतं, शब्दकोशाच्या क्रमाने ते नंतर यायला हवं. क्ष तर क मध्येच जाऊन बसतो. युनिकोडच्या आयसीयू लायब्ररीत मराठीचे क्रमनियम आहेत, ते वापरा, किंवा टेबलात क्रमाचा वेगळा रकाना ठेवा.

न सापडणाऱ्या नावाचं कारण बहुधा अर्धा र असतो. जमिनीच्या चतुःसीमेसाठी एकाने ड्रॉपडाउन केला होता: गडगा, पाणंद, पऱ्ह्या. ‘पऱ्ह्या’ काही केल्या निवडला जाईना. यादी एका कीबोर्डवर लिहिलेली, तिथे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त होता. नोंद दुसऱ्या कीबोर्डवर केलेली, तिथे साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन करूनही हे दोन एक होत नाहीत. म्हणून डेटा आत घेतानाच स्वतः एका रूपात बदलून घ्या. ‘र, हलन्त, जोडक’ दिसलं की ‘ऱ, हलन्त’ करा, आणि निवड बसवायची ती प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे क्रमांकानेच.